मुक्तीचे श्रेय कोणाचे?

ब्राझीलच्या सेआरा राज्यातील रेदेंसाँव हे लहानसे गाव. १ जानेवारी १८८३ रोजी तेथील गुलाम मुक्त झाले. देशभरातील गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी संपली. त्याच्या पाच वर्षे आधी या गावाने ती मोडीत काढली. अकारापे हे त्याचे जुने नाव मागे पडले व ‘मुक्ती’ या अर्थाचे नवे नाव मिळाले. असा वारसा गावाने अभिमानाने साजरा करावा, हे योग्यच. प्रश्न आहे तो श्रेयाचा.

रूढ कथेत मालकांचे औदार्य पुढे येते. परंतु १८७७ ते १८७९ च्या भीषण दुष्काळात याच प्रांतातील मालकांनी आपले गुलाम दक्षिणेच्या कॉफीमळ्यांना विकले होते. हा व्यापार अडला तो १८८१ साली. फोर्तालेझाच्या किनाऱ्यावरून माणसे व माल तराफ्यांनी जहाजापर्यंत न्यावा लागे. फ्रांसिस्को जोसे दो नासिमेंतो आणि त्यांच्या तराफेवाल्या साथींनी गुलाम वाहून नेण्यास नकार दिला. त्याच सुमारास दक्षिणेतील प्रांतांनी बाहेरून येणाऱ्या गुलामांवर जबर कर बसवले. विक्रीची वाट अशी बुजली, गुलामाची किंमत उतरली, आणि मग मालकांना दया परवडू लागली. औदार्यालाही बाजारभाव असतो, हे उत्सवाच्या भाषणांतून गळता कामा नये.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. १८८८ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द केली. मुक्त झालेल्यांना जमीन वा भरपाई देण्याचा त्यात शब्दही नव्हता. सप्टेंबर १८५० मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणण्यास बंदी झाली, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या कायद्याने सरकारी जमीन केवळ विकत घेणाऱ्यालाच मिळेल, असे ठरवून टाकले. ज्यांची मजुरी पिढ्यान्‌पिढ्या बुडवली गेली, त्यांनी ती जमीन कशातून विकत घ्यावी? बेड्या तुटल्या, पण पोट पुन्हा मळेवाल्याच्याच दारी बांधले गेले.

रेदेंसाँवमध्ये २०११ पासून एक केंद्रीय विद्यापीठ चालते आणि आफ्रिकेतील पोर्तुगीजभाषक देशांचे विद्यार्थीही तेथे शिकतात. कोणत्याही पुतळ्यापेक्षा हे स्मारक मोलाचे आहे. उत्सव अवश्य व्हावा. परंतु त्यात पहिला मान तराफेवाल्यांच्या संपाला मिळावा आणि जमिनीचे न फिटलेले ऋण तेथे मोठ्याने उच्चारले जावे. श्रमिकांनी झगडून मिळवलेले स्वातंत्र्य मालकांच्या दानधर्माच्या वहीत जमा होऊ न देणे, हे देशोदेशींच्या कार्यकर्त्यांचे काम आहे.