आधी बैठक

संगीत शिकू इच्छिणारा प्रौढ मनुष्य व्हायोलिन विकत आणतो, तेव्हा त्याच्या मनात एखादे आवडते गाणे असते. ते लवकर वाजवता यावे असे त्याला वाटते आणि पुष्कळ शिकवणी वर्गही त्याची ही इच्छा पुरी करण्याच्या घाईत असतात. कसे बसावे, वाद्य कसे धरावे, हे पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उरकले जाते. दुसऱ्या दिवशी सरगम सुरू होते. माझ्या मते या घाईने शिकणाऱ्याचे फार नुकसान होते. निदान पहिले दोन-तीन महिने बैठक, डाव्या हाताची मोकळीक आणि गजाची चाल यांसाठीच राखून ठेवले पाहिजेत.

भिलाईच्या वाचकाला हे पटण्यास अडचण पडू नये. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून हे शहर हातांच्या कौशल्यावर जगत आले आहे. फिटरचे काम शिकणाऱ्याला कानस कशी चालवावी हे शिकवताना पाय कोठे ठेवावेत, कोपर किती उंच असावे, हे आधी सांगतात. कानस सपाट न राहता वरखाली झुलली, तर घासलेला पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो. व्हायोलिनच्या गजाचेही असेच आहे. ज्या घोडीवर तारा टेकलेल्या असतात, तिला समांतर राहून गज सरळ गेला पाहिजे. तो तिरका झाला की पट्टीकडे घसरतो आणि स्वर पोकळ होतो; दाब अवाजवी झाला की करकर ऐकू येते. फरक एवढाच, की कानस पुढे जाताना कापते आणि गजाला जाताना व येताना सारखेच बोलावे लागते.

व्हायोलिन धरावे तरी कसे? आपल्या देशात याच्या दोन रीती नांदतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या आश्रयाने युरोपीय पद्धतीचे वादन रुजले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतून मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. या पद्धतीत वादक उभा राहतो किंवा खुर्चीवर बसतो आणि वाद्य हनुवटी व खांदा यांच्या आधाराने राहते. ही धारणाही एका दिवसात ठरलेली नाही. लिओपोल्ड मोझार्ट याने १७५६ साली आपल्या व्हायोलिनविषयक ग्रंथात वाद्य छातीशी टेकवून धरण्याच्या रीतीची चर्चा केली, ती दिसायला छान पण वादकाला गैरसोयीची ठरवली आणि मानेशी धरण्याची रीत अधिक पसंत केली. हनुवटी टेकवण्याची पट्टी तर १८२०च्या सुमारास लुडविग श्पोर याने काढली.

आपल्या रागसंगीताची गरज वेगळी आहे. व्हायोलिनला पडदे नसतात, म्हणून गळ्यातून निघावी तशी मींड त्यावर निघू शकते. पण त्यासाठी डावा हात तारेवर दूरवर विनासायास सरकला पाहिजे. वाद्य सावरण्याचे ओझे त्याच हातावर असेल, तर तो सरकणार कसा? म्हणून आपला वादक जमिनीवर मांडी घालून बसतो, उजवा पाय थोडा पुढे घेतो, वाद्याचे वळणदार टोक त्या पायाच्या घोट्याशी टेकवतो आणि दुसरी बाजू छातीशी, गळ्याच्या हाडाजवळ लावतो. दोन टोकांना आधार मिळाला की हात मोकळा होतो. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७), वि. गो. जोग आणि दा. के. दातार (१९३२-२०१८) यांचे वादन गाण्याच्या इतके जवळ गेले, त्याला या बैठकीचेही साहाय्य होते, हे विसरू नये. जोगांचे एक गुरू श्रीकृष्ण नारायण रातंजनकर पुढे खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. १९५६ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ भिलाईहून एका दिवसात पाहून येण्याजोगे आहे. ज्याला शक्य असेल त्याने ते जरूर पाहावे.

तेव्हा एक धारणा शुद्ध आणि दुसरी अशुद्ध, हा वाद व्यर्थ आहे. जे संगीत वाजवायचे, त्याला साजेशी धारणा निवडावी आणि निवडल्यावर तिच्यात धरसोड करू नये.

प्रौढ शिकणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तो पाळी संपवून, दिवसभर वजन उचलून किंवा शिवणयंत्रावर वाकून संध्याकाळी वाद्य हाती घेतो. डावा खांदा कानाकडे चढलेला, मान वाकलेली, अंगठ्याने वाद्याची मान आवळलेली, अशा स्थितीत तो रोज तासभर घासत राहिला, तर मान आणि खांदा दुखू लागतात. 'दुखल्याशिवाय विद्या येत नाही' असे त्याला कोणी तरी सांगते. हा समज घातक आहे. बोटांच्या टोकांना तारेची सवय होईपर्यंतची चुणचुण वेगळी; खांद्यात किंवा मनगटात उठणारी कळ ही थांबण्याची सूचना होय. ज्याची रोजी हातांवर चालते, त्याचा खांदा निकामी होणे म्हणजे घरची चूल अडणे. गुडघे साथ देत नसतील, तर बसताना खाली जाड उशी घ्यावी. त्यात परंपरेचा कसलाही अवमान नाही.

नुसत्या मोकळ्या तारांवर गज ओढत बसवले, तर विद्यार्थी कंटाळून जातील, अशी शिक्षकांची तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही. पण तंबोऱ्याच्या साथीत षड्ज लांबवर, न थरथरता ओढणे हेही संगीतच आहे, आणि शिक्षकाने ते स्वतः वाजवून दाखवले तर विद्यार्थ्यालाही कळते. आठवड्यातून एकदा त्याच्या आवडीच्या गाण्याच्या दोन ओळी वाजवू द्याव्यात. माझी त्याला हरकत नाही.

आता मोबाइलवर पाहून शिकणारेही पुष्कळ झाले आहेत. पडद्यावरचा शिक्षक कितीही थोर असला, तरी मुद्रित पाठातून त्याला आपले कोपर दिसत नाही. अशा शिकणाऱ्याने तोच मोबाइल बाजूला टेकवून स्वतःचे वादन टिपावे: एकदा समोरून, एकदा डावीकडून. मग आवाज बंद करून केवळ खांदा, मान आणि गजाची दिशा पाहावी. महिन्यातून एकदा तरी जाणत्या वादकासमोर प्रत्यक्ष बसावे आणि त्याला राग न विचारता आधी बैठक तपासायला सांगावे.