पाहुणी दारातूनच परत का जाते?

मैत्रिणींनो, घरी आलेल्या पाहुणीला आपण दारातच उभी ठेवली, बसा म्हटले नाही, पाणी विचारले नाही, तर ती पुन्हा आपली पायरी चढेल का? आपण कुणीच असे वागत नाही. पण घरचे मसाले, पापड, शिवणकाम किंवा शिकवण्या यांसाठी आपल्यातल्या ज्या स्वतःची वेबसाइट काढतात, त्यांच्याकडे पुष्कळदा असेच घडते. माझ्या धाकट्या जावेच्या बाबतीत घडले, म्हणून आज हा विषय.

ती सांगलीला असते. तिच्या हातच्या गोड्या मसाल्याला आणि थालिपिठाच्या भाजणीला ओळखीत चांगली मागणी. दोन वर्षांपूर्वी भिशीचे पंचवीस हजार रुपये हाती आले. त्यात घराला रंग काढावा, असे भाऊजींचे म्हणणे. हिने हट्टाने वेबसाइट काढली. ओळखीच्या एका मुलाने ती करून दिली. पान उघडले की सनई वाजायची, फुले फिरायची आणि 'आपले सहर्ष स्वागत' अशी पाटी यायची. मसाल्याचा भाव मात्र शोधावा लागे. सहा महिन्यांत तीन ऑर्डरी आल्या, त्यांतल्या दोन माहेरच्या! भाऊजी बोलत काही नसत, पण भिंतींकडे बघून सुस्कारा टाकत.

दिवाळीला आली तेव्हा मला म्हणाली, "ताई, लोकं येतात हो. आकडा दिसतो मला. पण क्षणभर थांबतात नि जातात. माझा मसालाच वाईट आहे का?"

"अगं, मसाल्यापर्यंत पोचतंय कोण?" मी म्हटले. मग दुपारी आम्ही दोघींनी मोबाइल पुढ्यात घेतला आणि परक्या बाईच्या नजरेने तिची वेबसाइट पाहिली. त्यातून जे उमगले, ते तुम्हांला सांगते.

पहिल्याच पानावर चार उत्तरे

येणारी बाई घाईत असते. कुकर लावलेला असतो, मूल हाका मारत असते. तिला चारच गोष्टी हव्या असतात : काय मिळते, केवढ्याला मिळते, माझ्या गावी पोचेल का, आणि मागवायचे कसे. जेकब नील्सन या अभ्यासकाने आपल्या सहकाऱ्याबरोबर केलेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीत नव्या पानावरून नुसती नजर फिरवणारे शंभरात ७९ निघाले, शब्द न् शब्द वाचणारे अवघे १६. म्हणून ही चार उत्तरे नजर पडेल तिथे, ठळक अक्षरांत असावीत. आम्ही सनई आणि फुले काढून टाकली. भावाशेजारी वजन लिहिले, टपालखर्च वेगळा असेल तर तोही तिथेच लिहिला. शेवटी जाऊन खर्च वाढलेला दिसला की कुणालाही फसवल्यासारखे वाटते.

मागणी नोंदवण्याआधी हिच्याकडे नऊ रकाने भरून 'सभासद' व्हावे लागे. पाव किलो मसाल्यासाठी कोण सभासद होणार? आता नाव, पत्ता, फोन एवढेच विचारले जाते.

फोटो हलके, अक्षरे खरी

मोबाइलवर काढलेला फोटो कित्येकदा तीन-चार एमबीचा असतो. असे दहा फोटो एका पानावर चढवले की पान उघडता उघडता पाहुणी निघून जाते. फोटो लहान करून दीडशे-दोनशे केबीपर्यंत आणावा, डोळ्यांना फरक जाणवत नाही. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. मसाला वाटीत आणि शेजारी चमचा ठेवला, म्हणजे रंगही कळतो आणि दाणाही.

दुसरी चूक अशी, की भावाचा तक्ता छापखान्यातून आणून त्याचे चित्रच लावले होते. गूगलसारख्या शोधयंत्राला चित्रातला मजकूर लिहिलेल्या अक्षरांइतका सहज वाचता येत नाही. छापखान्यातल्या जुन्या फाँटांचा मजकूर तसाच उतरवला तर तीच अडचण येते. मराठी युनिकोडमध्ये टाइप करावे. आणि बायका जे शब्द शोधतात तेच लिहावेत. 'परंपरेचा चविष्ट ठेवा' असे कुणी शोधत नाही. 'थालिपिठाची भाजणी अर्धा किलो' असे शोधतात.

पुन्हा यावेसे का वाटावे?

विकत घ्यायचे नसतानाही यावे, असे काहीतरी हवे. हिला मी म्हटले, "फोनवर बायका तुला जे विचारतात, तेच लिही." मग तिने लिहिले : चार माणसांच्या आमटीला मसाला किती, थालिपीठ थापताना तुटते ते का, पावसाळ्यात भाजणीला जाळी धरू नये म्हणून काय करावे. लिहिले तेही घरातल्यासारखे, चार-चार ओळींत. लोक थांबू लागले ते या पानांवर.

आणि वेबसाइट शिळी होऊ देऊ नये. संक्रांतीला दिवाळीच्या फराळाची पाटी दिसली, तर दुकान बंद पडले असेच वाटते. दुधाचा हिशेब करतो त्या दिवशी वेबसाइटही डोळ्यांखालून घालावी. माल संपला असेल तर 'संपला, अमुक तारखेला मिळेल' असे सरळ लिहावे.

परक्या बाईने पैसे आधी का पाठवावेत? तिला भरवसा वाटला तरच. म्हणून आपले नाव, पत्ता, फोन, आणि माल खराब निघाल्यास काय करणार, हे स्पष्ट असावे. ऑनलाइन विक्रीसाठीच्या ग्राहक संरक्षण नियमांनीही २०२० पासून ही माहिती देणे सांगितले आहे. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांकही लिहावा.

किल्ली आपल्याच कमरेला

सगळे नीट झाले, ऑर्डरी येऊ लागल्या, आणि फाल्गुनात एके सकाळी वेबसाइट गायब! चौकशी केली तेव्हा कळले की तिचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते त्या मुलाने स्वतःच्याच नावावर आणि ई-मेलवर घेतले होते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याकडेच जात राहिल्या. मुदत उलटली आणि ते नाव दुसऱ्याच कुणी घेतले. छापलेली पाचशे कार्डे रद्दीत गेली. बिचारी दोन दिवस जेवली नाही.

म्हणून बायांनो, वेबसाइट कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन स्वतःच्या नावावर, ई-मेल आपला, मोबाइल नंबर आपला, आणि मुदतीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. नाव लहान, सांगायला सोपे असावे. देवनागरीत हवे असेल तर २०१४ पासून '.भारत' असे शेवट असलेली नावेही मिळतात.

नवे नाव घेऊन तिने पुन्हा सुरुवात केली. आता महिन्याला वीस-बावीस पार्सले जातात, त्यांतली निम्मी जुन्याच गिऱ्हाइकांची. यंदा घराला रंगही लागला. कोणता लावायचा, ते मात्र भाऊजींनी तिला विचारले.

तुमची वेबसाइट असेल तर आज दुपारी एवढे करा : घरातले वाय-फाय बंद ठेवा आणि शेजारणीच्या हाती मोबाइल देऊन म्हणा, "माझ्याकडून अर्धा किलो मागव बरं." तुम्ही मध्ये बोलू नका. ती जिथे अडेल, तिथेच तुमची पाहुणी परत जाते आहे.