लहानपणी फार हुशार होती हो!

दिवाळीला नातेवाईक जमले की फराळाबरोबर एक कार्यक्रम ठरलेला असतो. पाच-सहा वर्षांच्या पोराला मधे उभं करून एकोणतीसचा पाढा म्हणायला लावतात. टाळ्या पडतात, हातावर पैसे पडतात. त्याच घरात आतल्या खोलीत दार लोटून बसलेली पंधरा वर्षांची मुलगी असते. तिच्याबद्दल आई हळूच सांगते, "लहानपणी फार हुशार होती हो!"

मग ती हुशारी गेली कुठे? यंदाचा दिवाळी अंक या प्रश्नाभोवती आहे.

लहान वयातली प्रज्ञा चटकन दिसते, कारण ती वेगात असते, पाठांतरात असते आणि मोठ्यांना खूश करायला उत्सुक असते. किशोरवयात ती एकाच गोष्टीला चिकटते, बाकीच्या गोष्टी सोडून देते, वाद घालते. कधी मुद्दाम लपूनही बसते. सारखा हात वर करणारी मुलगी वर्गात एकटी पडते, हे मुलींना शिकवावं लागत नाही.

पुढे थोर गणितज्ञ ठरलेला श्रीनिवास रामानुजन 1897 मध्ये, दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच, प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिला आला. अंकगणितातच नव्हे, तर इंग्रजी, तमिळ आणि भूगोलातही तो चमकला होता. आज असता तर चौकात फ्लेक्स लागला असता. 1903 मध्ये कार नावाच्या लेखकाचं गणिताचं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं. त्यात सूत्रं हजारो, पण सिद्धता अगदी त्रोटक. मग त्या सिद्धता स्वतःच मांडण्यात तो गढून गेला. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती घेऊन गेलेल्या या मुलाने इतर विषयांकडे पाठ फिरवली, नापास झाला आणि शिष्यवृत्ती गमावली. 1905 मध्ये तो घरातून न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजातूनही एफ.ए.ची (पदवीआधीची) परीक्षा त्याला पार करता आली नाही. त्या वर्षांत शेजारीपाजारी काय बोलत असतील, याची कल्पना कुठल्याही मराठी पालकाला करता येईल.

नापास होणारा प्रत्येक मुलगा रामानुजन नसतो, हे आम्हालाही कळतं. पण त्याच्या वहीत काय चाललंय ते न पाहता हा निकाल लावायचा कसा?

आपल्याकडची होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावीला आणि नववीला असते. सहावीत पदक मिळवलेला मुलगा नववीत परीक्षेला बसायचंच नाही म्हणाला, की घरात सुतकी कळा येते. (तो त्या वेळी काय वाचत होता, हे बहुधा कुणी विचारत नाही.)

गायक कुमार गंधर्वांचंच बघा. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणाऱ्या या मुलाने मुंबईची सभा जिंकली, आणि त्यानंतर तो संगीतगुरू प्रा. देवधरांकडे शिकायला राहिला. नकलेवर टाळ्या मिळत असताना विद्यार्थी होऊन बसणं सोपं नसतं.

या अंकासाठी आम्ही तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींकडून लेखन मागवलं आणि शुद्धलेखनापलीकडे त्याला हात लावला नाही. एका मुलीने कथेचा शेवट पाठवला नाही. आठवण केली तेव्हा "अजून पटत नाहीये" असं उत्तर आलं. कथा तेवढीच छापली आहे. वाचून राग आला, तर पत्र तिला लिहा, आम्ही पोचवू.



– संपादक