काम बोलत नाही, सांगावं लागतं

'आपण आपलं काम चोख करावं, काम आपोआप बोलतं.' हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं, त्याला पर्मनंट नोकरी असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. (ह. घ्या.)

नोकरीत काम बोलतं हे खरंच आहे. कारण ऐकणारे शेजारच्याच खुर्च्यांवर बसलेले असतात. रात्री अडीचला सर्व्हर कुणी उभा केला हे मॅनेजरला माहीत असतं, टीमला माहीत असतं, कॅंटीनवाल्यालाही माहीत असतं. पण तोच माणूस नोकरी सोडून स्वतंत्र कामं घ्यायला लागला की पहिल्याच महिन्यात लक्षात येतं, की अडीच वाजताची ती कर्तबगारी जुन्या ऑफिसातच राहिली. बाहेर आपण फक्त एक बायोडेटा. 'दहा वर्षांचा अनुभव, जावा, ओरॅकल, टीम लीड.' असे बायोडेटा गिऱ्हाइकाकडे शेकड्यांनी पडलेले असतात आणि त्याला स्वतःला जावा येत नसतं, म्हणूनच तर तो माणूस शोधत असतो. मग त्याने पारखायचं कसं?

इथे गोष्ट कामाला येते. गोष्ट म्हणजे जाहिरात किंवा सजावट असं मी म्हणत नाहीये. ज्याला आपला कोड वाचता येत नाही, त्याला आपली अक्कल तपासायला दिलेला तो नमुना आहे.

उदाहरण घेऊ. समजा मी लिहिलं, 'गोदामांसाठी सॉफ्टवेअर करतो.' वाचणारा पुढे जाईल. आता समजा असं लिहिलं: एका गोदामात दर महिनाअखेरीला एका मालाचा साठा उणे सात दिसायचा. सगळ्यांनी प्रोग्रॅमवर खापर फोडलं. मी दोन रात्री गेटवर बसलो. तेव्हा दिसलं की रात्री आलेला माल लगेच पुढे रवाना होतो, त्याची जावक तिथेच नोंदली जाते, आणि आवकची चिठ्ठी मात्र सकाळी क्लार्क आल्यावर चढते. प्रोग्रॅमला हातही लावला नाही, चिठ्ठी चढवायची वेळ बदलली. आता हे वाचणाऱ्या गोदामवाल्याला जावा येवो न येवो, त्याला तीन गोष्टी कळल्या. हा माणूस गेटवर जाऊन बसतो, आधी कोड लिहीत सुटत नाही, आणि गरज नसलेल्या कामाचं बिल लावत नाही. यातलं एकही वाक्य मी स्वतःबद्दल म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर त्याने विश्वास ठेवला नसता.

आपल्या धंद्यातलं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे जोएल स्पोल्स्की. मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल टीममध्ये काम केलेल्या या माणसाने २००० साली न्यूयॉर्कमध्ये फॉग क्रीक ही छोटी कंपनी काढली आणि त्याच सुमारास लिहायलाही लागला. त्याचा २००६ सालचा एक लेख बिल गेट्ससमोर झालेल्या पहिल्या परीक्षणाबद्दल आहे. स्पोल्स्कीने एक्सेलसाठी लिहिलेला जाडजूड आराखडा गेट्सने पानोपानी समासात टिपा करत वाचला होता. प्रश्न कठीण होत होत तारखांपर्यंत आले. स्पोल्स्कीने उत्तर दिलं ते १९०० सालच्या जानेवारी-फेब्रुवारीचं. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ ते लीप धरायचं. एक्सेलने लोटसशी जुळतं राहावं म्हणून ती चूक जाणूनबुजून उचलली, आणि बेसिक भाषेत तारखा मोजायची सुरुवात एक दिवस आधीपासून होते. त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे दोन्हीकडचे आकडे जुळतात, अडचण काय ती पहिल्या दोन महिन्यांची. हे त्याने आधीच खणून ठेवलं होतं.

'मी बारकाईने काम करतो' असं त्याला लिहावं लागलं नाही. असं वर्षानुवर्षं वाचणारे लोक मग त्याचं बग नोंदवायचं सॉफ्टवेअर विकत घेत, त्याच्याकडे नोकरीला अर्ज करत. २००८ साली त्याने जेफ ॲटवुडबरोबर स्टॅक ओव्हरफ्लो काढलं, तेव्हा पहिले प्रश्न विचारणारे आणि उत्तरं देणारे आले ते मुख्यतः या दोघांच्या वाचकांतून. २०२१ मध्ये ती कंपनी सुमारे १८० कोटी डॉलरना विकली गेली.

तुम्ही म्हणाल, त्याच्याकडे बिल गेट्स होता, आमच्याकडे गोदामवाला आहे. ठीक. मग पॅट्रिक मॅकेन्झी घ्या. जपानमध्ये नोकरी करणारा अमेरिकन प्रोग्रॅमर. २००६ साली त्याने शिक्षकांना वर्गात खेळायला बिंगोची कार्डं छापून देणारं एक चिमुकलं सॉफ्टवेअर केलं. यापेक्षा किरकोळ विषय शोधून सापडणार नाही. पण किती विकलं, जाहिरातीवर किती गेले, कुठला बदल केल्यावर विक्री हलली, हे तो आकड्यांसकट लिहीत गेला. २०१० मध्ये त्याने नोकरी सोडली. नंतर त्याला सल्ल्यासाठी बोलावणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना बिंगोशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती ती त्या आकड्यांमागची विचार करायची रीत.

थोडं विषयांतर वाटेल, पण कीर्तनकार हा आपल्याकडचा जुना फ्रीलान्सरच की. पगार नाही, गावोगावची आमंत्रणं आणि बिदागी. पुढच्या गावचं बोलावणं या गावची संध्याकाळ कशी झाली यावर. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळ पद घेऊन निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान लागतं. लोक आख्यानाला सरसावून बसतात हे बुवांना पक्कं ठाऊक असतं, तरी आख्यान त्या मूळ पदालाच धरून असतं, शेवटी तिथेच येऊन टेकतं. हल्ली 'स्टोरीटेलिंग शिका, पर्सनल ब्रँड घडवा' म्हणून जे काही चालतं, त्यात मला हीच खोट दिसते. सगळा उत्तररंग, मूळ पदाचा पत्ता नाही. विमानतळावर भेटलेला टॅक्सीवाला, त्याचं एक डोळ्यांत पाणी आणणारं वाक्य, आणि खाली आयुष्याचे पाच धडे. लक्ष जातं, नाही असं नाही. पण वाचून झाल्यावर हा माणूस नक्की करतो काय, ते कळत नाही. लक्ष वेधून घेणं आणि काम मिळणं यांच्यात बरंच अंतर आहे.

शिवाय आता गुळगुळीत गोष्ट मशीनही लिहून देतं. त्याला जे देता येत नाही ते 'उणे सात'. आपण बघितलेला आकडा, आपण बसलो ते गेट.

एक अडचण मात्र खरी आहे, तिच्यावरून उडी मारून चालणार नाही. आपली गोष्ट ही अर्धी गिऱ्हाइकाची असते. त्याच्या घरातला पसारा आपण आपल्या ओसरीवर मांडत असतो. करारात गुप्ततेचं कलम असेल तर विषय संपला, लिहायचं नाही. नसेल तरी विचारावं, नाव-गाव-माल ओळखू येणार नाही असं करावं, आणि हो म्हणायच्या आधी त्याला मजकूर वाचायला द्यावा. आणि गोष्टीतला मूर्ख दर वेळी गिऱ्हाईकच निघत असेल तर लिहिणं थांबवावं. पुढचं गिऱ्हाईक तेच वाचत असतं, आणि पुढच्या गोष्टीत आपला नंबर लागणार हे त्याला बरोबर कळतं. वरच्या उदाहरणातला क्लार्क चुकला नव्हता, त्याची ड्यूटीच सकाळी सुरू व्हायची. हे एक वाक्य घालायला काही लागत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच चांगल्या इंजिनियरांना स्वतःबद्दल बोलायची लाज वाटते. 'न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही' हे पाठ असूनही वाटते. त्यांच्यासाठी एवढंच, की स्वतःबद्दल बोलूच नका. कामाबद्दल बोला. महिन्यातला एक शनिवार, एक काम, आणि तीनच गोष्टी: काय अडलं होतं, काय बघितलं, काय ठरवलं. आणि हे नोकरीत असतानाच सुरू केलेलं बरं, कारण वाचणारे जमायला वर्षं लागतात आणि शिल्लक महिन्यांत संपते.

बघा पटतंय का.