‘शेठजींना विचारून सांगतो’

व्यवसाय वाढतो, दुसरी शाखा निघते, पगारी व्यवस्थापक नेमला जातो. तरीही निर्णय शेठजींच्या गादीपाशीच अडून राहतो. आपल्या व्यापारी घराण्यांना हे चित्र अपरिचित नाही. ग्राहकाला दोनशे रुपयांची सूट द्यावी काय, डाग पडलेले ठाण परत घ्यावे काय, जुन्या गिऱ्हाइकाला मर्यादेबाहेर थोडी उधारी द्यावी काय, या सर्वांवर व्यवस्थापकाचे उत्तर एकच असते. शेठजी परगावी लग्नाला गेलेले असतात. ग्राहक काही वेळ ताटकळतो आणि शेजारच्या दुकानात शिरतो. या नुकसानीची नोंद रोजमेळात कोठेही होत नाही.

मग आपण म्हणतो, ‘माणूस प्रामाणिक आहे, पण त्याला निर्णय घेता येत नाही.’ परंतु पाण्यात उतरल्यावाचून पोहणे कोणाला आले आहे?

जपानमधील टोयोटा उद्योगाचे मूळ कापडाच्या मागात आहे. साकिची टोयोडा यांचा १९२४ मधील स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्यामुळे सदोष कापड पुढे विणले जात नसे आणि एकाच कामगाराला अनेक मागांवर लक्ष ठेवता येई. हेच तत्त्व पुढे मोटारीच्या कारखान्यात आले. दोष दिसताच दोरी ओढण्याचा अधिकार तेथे साध्या कामगारालाही मिळाला. दोरी ओढली की गटप्रमुख मदतीला येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष दूर न झाल्यास काम थांबते. दोष उगमापाशीच सापडल्याने पुढची मोठी दुरुस्ती वाचते. या व्यवस्थेत कामगारावर विश्वास तर आहेच. शिवाय त्याचा अधिकार कोठवर आणि मदतीला कोण येणार, हेही आधीच ठरलेले आहे.

काही व्यवस्थापक मात्र अधिकार मिळूनही अडखळतात. सर्व माहिती हाती येईपर्यंत ते थांबून राहतात. १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले की, माणसाजवळची माहिती, वेळ आणि आकलनशक्ती मर्यादित असते. म्हणून तो सर्वोत्तम पर्यायाऐवजी पुरेसा चांगला पर्याय निवडतो. सणाच्या तोंडावर दहा ठिकाणचे भाव मागवत बसणाऱ्याला माल स्वस्त मिळेलही, पण तो दुकानात पोहोचेपर्यंत सण उलटून गेलेला असेल.

यासाठी पेढीवरील निर्णयांची तीन भागांत विभागणी करावी. जे सहज मागे घेता येतात आणि ज्यांची रक्कम लहान असते, ते व्यवस्थापकाने स्वतः घ्यावेत व सायंकाळी कळवावेत. जे मध्यम जोखमीचे असतील, त्यांत त्याने नुसता प्रश्न न आणता आपले मतही सांगावे. नवी शाखा, मोठे कर्ज, भागीदारी यांसारखे निर्णय मात्र कुटुंबाने एकत्र बसूनच घ्यावेत. रकमेची मर्यादा प्रत्येकाने आपल्या उलाढालीप्रमाणे ठरवावी आणि ती लिहून द्यावी.

निर्णयामागचे कारण व्यवस्थापकाने वहीत एका ओळीत नोंदवावे. पुढे निर्णय चुकलाच, तर ‘त्या वेळी तुमच्याजवळ कोणती माहिती होती?’ असे विचारावे. विचारपूर्वक दिलेली उधारीही कधी बुडते आणि निष्काळजीपणे दिलेली कधी वसूल होते. केवळ निकालावरून माणसाची पारख करू नये. ग्राहकासमोर त्याचा शब्द फिरवणे तर कटाक्षाने टाळावे. एकदा तसे झाले की तो पुन्हा प्रत्येक गोष्ट विचारू लागतो.

हा प्रश्न केवळ पगारी माणसापुरता नाही. चाळिशीला आलेला मुलगाही अनेक पेढ्यांवर ‘वडिलांना विचारून सांगतो’ असेच म्हणत असतो. उद्या अचानक सारा भार त्याच्यावर आला, तर निर्णयाचा सराव त्याने कोठे केलेला असेल? येत्या दिवाळीला वहीपूजन कराल, तेव्हा कोणी कोणता निर्णय घ्यावयाचा, याचे एक पान लिहून व्यवस्थापकाच्या आणि मुलाच्या हाती द्यावे.