साहेबांचा पासवर्ड

कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ असलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे साहेबांचा पासवर्ड. साहेब म्हणजे प्राचार्य, कुलसचिव, ऑफिस सुपरिंटेंडंट, जे कोणी असतील ते. त्यांच्या लॉगिनने सगळं दिसतं, सगळं बदलता येतं आणि मुख्य म्हणजे ते वापरायला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. पासवर्ड बहुतेक वेळा कॉलेजचं नाव आणि पुढे १२३. (मध्ये 'ॲट द रेट' असेल तर समजावं, इथे सिक्युरिटी फारच कडक आहे!)

विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. ॲडमिशनच्या फॉर्मपासून टी.सी.पर्यंत सगळं. त्यामुळे कोणाला काय दिसावं, हा विषय डोक्यात घर करून बसलाय. आमच्या धंद्यातल्या लोकांना विचारलंत तर ते म्हणतील, 'स्टाफला शिस्त नाही हो, ट्रेनिंग द्यायला पाहिजे.' मला हे अजिबात पटत नाही. स्वतःच्या नावाने परवानगी मागणं हे साहेबांचा पासवर्ड वापरण्यापेक्षा अवघड आहे, तोपर्यंत कितीही ट्रेनिंग द्या, चहा-बिस्किटांच्या खर्चापलीकडे काही होणार नाही.

आता या नोंदींत असतं काय ते बघा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाईल. आधार क्रमांक. जात, पोटजात, नॉन-क्रिमीलेयर. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला. स्कॉलरशिपसाठी बँकेचा खातेनंबर. अपंगत्वाचं प्रमाणपत्र. किती विषय राहिले, मध्ये वर्ष का गेलं, फी किती थकली. एका माणसाबद्दल इतकं सगळं एका जागी त्याच्या बँकेकडेही नसेल. आणि आपल्याकडे अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज बऱ्याचदा त्याच इमारतीत, त्याच ऑफिसात असतं. म्हणजे यातली कित्येक मुलं सोळा-सतरा वर्षांची.

पूर्वी हे सगळं जनरल रजिस्टरमध्ये असायचं. ते जाडजूड रजिस्टर लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे. कोणी मागायला गेलं की ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि विचारायचे, 'कशाला हवंय?' बस्स. ॲक्सेस कंट्रोलचं सगळं शास्त्र त्या दोन शब्दांत आहे. रजिस्टर एका वेळी एकालाच मिळायचं, ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडलं जायचं आणि तीन हजार मुलांची माहिती खिशात घालून घरी नेणं कोणाला शक्यच नव्हतं. (त्या काळात सगळं छान होतं असं मला म्हणायचं नाही. उंदीर, वाळवी आणि पावसाळा हे तिघेही विनापरवानगी ॲक्सेस घेत असत.) कॉम्प्युटर आला आणि कपाट गेलं, त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण कपाटाबरोबर तो प्रश्नही गेला.

एका कॉलेजातलं उदाहरण देतो, नाव सांगत नाही. तिथे स्कॉलरशिपच्या टेबलावर नवीन ताई कंत्राटावर लागल्या. त्यांना लॉगिन हवं होतं. पद्धत अशी: साध्या कागदावर प्राचार्यांना अर्ज, त्यावर सुपरिंटेंडंटची सही, मग तो अर्ज स्कॅन करून सॉफ्टवेअर कंपनीला मेल, मग कंपनीचा उलट मेल, 'नेमका कोणता रोल द्यायचा ते कळवावे.' आता रोल म्हणजे काय, हे ना सुपरिंटेंडंटना माहीत, ना ताईंना. दोन आठवडे असे गेले. तिकडे महाडीबीटीवर अर्ज तपासायची मुदत जवळ आलेली आणि मुलं दारात उभी. शेवटी शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, 'कशाला थांबताय? हा घ्या साहेबांचा पासवर्ड.' ताईंचं काय चुकलं? काकांनी तर खरं म्हणजे त्या मुलांवर उपकारच केले.

पण पुढे काय होतं बघा. त्या दिवसापासून ताईंना मार्क दिसतात आणि बदलताही येतात. फीमाफी मंजूर करता येते. सगळ्या कॉलेजची यादी एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. त्या यातलं काहीही करणार नाहीत, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न तो नाहीच. उद्या कोणीतरी एखाद्या मुलाचे मार्क बदलले तर सिस्टिमच्या नोंदीत काय दिसेल? 'प्राचार्य, दुपारी ३ वाजून १२ मिनिटं.' त्या वेळी प्राचार्य विद्यापीठात मीटिंगला होते, हे सगळ्यांना माहीत. मग चौकशी सुरू होते आणि बोट कोणाकडे जातं? जी व्यक्ती कंत्राटावर आहे तिच्याकडे. आपण ते केलं नाही, हे सिद्ध करायला ताईंकडे काहीही नसतं. स्वतःच्या नावाचं लॉगिन म्हणजे आपल्यावर ठेवलेली पाळत, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते उलट वाटतं. तो गरिबाचा साक्षीदार आहे.

दुसरी बाजू मुलांची. 'स्थळ आलंय मुलीचं, तुमच्याच कॉलेजची आहे, जरा बघून सांगा ना कशी आहे अभ्यासात,' अशी चौकशी आपल्याकडे किती सहज केली जाते! विचारणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही आणि सांगणाऱ्यालाही नाही. मार्क सांगता सांगता पत्ता, जात, वडिलांचं उत्पन्नही सांगून होतं. एखाद्या मुलीच्या मागे लागलेल्या मुलाला तिचा नंबर हवा असेल, तर त्याच्या ओळखीचं कोणीतरी ऑफिसात असणं पुरतं. त्या मुलीला हे कधी कळतच नाही. नंबर कुठून फुटला याचा विचार करत ती बिचारी सिमकार्ड बदलते.

आता थोडं पुस्तकी बोलतो, रागावू नका. १९७५ मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी कॉम्प्युटरमधल्या माहितीच्या संरक्षणावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी आठ तत्त्वं मांडली. त्यातलं एक सगळ्या इंजिनिअरांना पाठ असतं: कामाला लागेल तेवढीच परवानगी द्या, त्यापेक्षा कणभरही जास्त नको. इंटरव्ह्यूमध्ये विचारतात म्हणून पाठ असतं! पण त्याच यादीत शेवटी आणखी एक तत्त्व आहे, ते फारसं कोणी सांगत नाही. संरक्षणाची व्यवस्था वापरायला इतकी सोपी हवी की माणसं सवयीने, आपोआप ती बरोबर वापरतील. आपण पहिलं तत्त्व उचललं आणि शेवटचं सोडून दिलं. बाकी सगळं साहेबांच्या पासवर्डने केलं.

मग सोपं म्हणजे नेमकं कसं? माझ्या मते परवानगीच्या अर्जात पाच प्रश्न असावेत आणि ते रोजच्या मराठीत असावेत:

१. काम कोणतं?
२. कोणत्या विद्यार्थ्यांची माहिती लागेल? (एक वर्ग, एक शाखा की सगळं कॉलेज?)
३. त्यातली कोणती माहिती?
४. नुसती बघायची आहे, बदलायची आहे, की उतरवून घ्यायची आहे?
५. कधीपर्यंत?

'रोल कोणता' हा प्रश्न यात नाही, हे लक्षात घ्या. रोल हा आमचा, म्हणजे प्रोग्रामरचा शब्द. ताईंनी सांगायचं, 'स्कॉलरशिपचे अर्ज तपासायचेत.' त्यावरून कोणता रोल द्यायचा ते सॉफ्टवेअरने ठरवायचं. ते आमचं काम आहे, त्यांचं नाही.

चौथ्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण खरी गंमत तिथे आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बघणं आणि बदलणं वेगळं ठेवलेलं असतं, पण बघणं आणि उतरवून घेणं मात्र एकच धरलेलं असतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्गशिक्षकाने एका मुलाच्या पालकांचा नंबर बघितला, ही झाली गरज. तीच यादी एक्सेलमध्ये उतरवली की ती पेनड्राइव्हवर जाते, मेलवर जाते, स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते आणि मग ती परत आणणं ब्रह्मदेवालाही जमत नाही. लायब्ररीला नाव, पी.आर.एन., वर्ग आणि फोटो पुरतो, जात कशाला? प्लेसमेंटवाल्यांना टक्केवारी आणि बॅकलॉग हवा, पण ज्यांनी प्लेसमेंटसाठी नाव दिलंय त्यांचाच. नॅकचं काम करणाऱ्या मॅडमना बहुतेक वेळा आकडे हवे असतात: किती मुली, किती आरक्षित जागा भरल्या. त्यासाठी नावानिशी यादी लागत नाही. आणि परीक्षा विभागात मार्क भरणारा आणि ते मंजूर करणारा, हे दोघे वेगळे हवेत. महाडीबीटीवर कॉलेजच्या पातळीला आधी क्लार्क आणि मग प्राचार्य अशी दोन लॉगिनं ठेवलीत ती याचसाठी. (ती दोन्ही एकाच खुर्चीवरून चालताना मी पाहिलेली आहेत. असो.)

पाचवा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो. सी.एच.बी.वर तासाला पैसे घेऊन शिकवणारे प्राध्यापक दरवर्षी बदलतात, त्यांची लॉगिनं मात्र अजरामर राहतात. ॲडमिशनच्या गर्दीत दोन महिन्यांसाठी घेतलेली मुलं निघून जातात, पासवर्ड बरोबर घेऊन. खरं तर प्रत्येक परवानगीला शेवटची तारीख असली तर मंजुरी देणाऱ्याचा हातही मोकळा होतो. कायमची परवानगी द्यायला माणूस कचरतो, ३१ ऑगस्टपर्यंतची चटकन देतो. आणि मंजुरी कोणी द्यायची? ज्याची माहिती, त्याने. मार्क परीक्षा विभागाचे, फी अकाउंट्सची. आयटीवाल्याने फक्त बटण दाबायचं. कंपनीच्या सपोर्टवाल्यांनाही हेच पाच प्रश्न. आमचं स्वतःचं 'ॲडमिन' लॉगिन सर्वात मोठं असतं आणि त्याबद्दल कॉलेज सहसा काही विचारत नाही.

आणि हे सगळं एका दिवसात व्हायला हवं. सकाळी अर्ज, संध्याकाळी लॉगिन. हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे. तुमची पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असू दे, तिला दोन आठवडे लागत असतील तर ती हरणार, कारण काकांना पासवर्ड सांगायला दोन सेकंद लागतात.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, 'आमच्यावर विश्वास नाही का?' अहो, बँकेतला कॅशिअर तुमच्यासमोर नोटा दोनदा मोजतो, तेव्हा तुम्ही रुसता का? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: छोट्या गावातल्या कॉलेजात ऑफिसला चारच माणसं, सगळे सगळं करतात, तिथे कसल्या परवानग्या वाटताय? मान्य. तिथे चौघांनाही बरंच काही दिसू द्या. पण चौघांची चार लॉगिनं तरी ठेवा. कोणी काय पाहिलं याची खरी नोंद राहिली, तरी अर्धं काम होतं.

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी १९७४ पासून फर्पा नावाचा कायदा आहे. कॉलेजचा कर्मचारी आहे म्हणून कोणतीही नोंद उघडता येत नाही; त्या नोंदीशी कामाचा रास्त शैक्षणिक संबंध असावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच, कशाला हवंय? आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथपासून १८ महिन्यांची मुदत दिली गेली. माहितीपर्यंत कोण पोचतं यावर नियंत्रण, कोणी काय पाहिलं याच्या नोंदी आणि त्या नोंदी वर्षभर जपणं, हे सगळं त्या नियमांत आहे. सुरक्षेत कसूर केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आकडा ऐकून कॉलेजं घाबरतील आणि मला भीती त्याचीच वाटते. घाबरलेली संस्था आणखी एक सही वाढवते, आणखी एक फॉर्म काढते. म्हणजे दोन आठवड्यांचे चार होणार आणि साहेबांच्या पासवर्डला आणखी भाव येणार.

तुमच्यापैकी कोणी असली सॉफ्टवेअरं लिहीत असेल, कोणाची आई-मावशी कॉलेजात नोकरीला असेल, कोणी संस्थेच्या कमिटीवर असेल. त्यांनी एकच करावं. नवीन माणसाला स्वतःच्या नावाचं लॉगिन मिळायला किती दिवस लागतात, ते विचारून बघावं. उत्तर 'आठ-पंधरा दिवस' असं आलं, तर तिथला स्टाफ कोणाच्या पासवर्डवर काम करतोय हे वेगळं विचारायची गरज नाही. आधी ते पंधरा दिवस कमी करा. शिस्तीचं नंतर बघू.