जग शाळेत आणायचं म्हणजे नक्की काय?

माझी मावसबहीण बजाजनगरात राहते आणि बी.एड. करतेय. तिला 'ग्लोबल लर्निंग'वर असाइनमेंट होती. तिने व्याख्या, फायदे-तोटे, रंगीत नकाशा असं सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं, मार्कही चांगले पडले. पण १९८५ पासून शेजारीच वाळूजला बजाजचा कारखाना आहे, तिथल्या मोटरसायकली परदेशी जातात, याचा त्या वहीत उल्लेखही नाही! दोष तिचा नाही म्हणा. तिला तसं कुणी विचारलंच नाही.

आता समजा, सराव पाठ आयात-निर्यातीवर आहे. नायजेरियात बजाजच्या गाड्या टॅक्सी म्हणून चालतात. २०२३ मध्ये तिथलं चलन, नाइरा, धाडकन घसरलं. गाडी तिथे महाग झाली, तर वाळूजला काय होईल? हा प्रश्न बजाजनगरातल्या सातवीच्या वर्गात टाकून बघा. कितीतरी पोरांचे वडील एमआयडीसीत. ऑर्डर कमी झाली की ओव्हरटाइम बंद होतो, हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं. फक्त तो भूगोल आहे हे ठाऊक नसतं.

असं काही म्हटलं की लोक लगेच रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव घेतात. बरोबरच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जि.प. शाळेतल्या या शिक्षकाने २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं, दहा लाख डॉलर्सपैकी निम्मे बाकीच्या नऊ फायनलिस्टना वाटून टाकले. पण आपण त्यांचा क्यूआर कोड तेवढा लक्षात ठेवला. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतली मुलं त्यांनी एकमेकांशी बोलती केली, ते विसरलो. अहो, व्हिडिओ कॉल काय, मीही लावून देईन. कॉल लागल्यावर पोरांनी 'व्हॉट इज युवर नेम'च्या पुढे काय विचारायचं, हे अवघड. त्याची तयारी बी.एड.लाच व्हायला हवी.

वेळ नाही म्हणू नका. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झाला, त्यात किमान २० आठवड्यांची आंतरवासिता आली. त्यातले दोन आठवडे छात्राध्यापकांना वस्तीत पाठवा. पालकांशी बोलू द्या, बिहारहून आलेल्या मुलाच्या घरी जाऊ द्या, आणि त्यातून एक पाठ बसवून घ्या. 'पोर्शन कोण संपवणार?' अहो, पोर्शनमधलाच धडा घ्यायचाय, वेगळा तास नकोच.

आणि मार्क टाचणाला देऊ नका. त्या तासाला पोरांनी काय काय प्रश्न विचारले ते लिहून घ्या, त्यावर द्या.